वहीची कोरी पानं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याला असते. वय ४१. एका पतसंस्थेत हिशोब बघते. यजमानांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, मुलगी दहावीत आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. जूनमध्ये माझी आई न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आईचं वय ७२. वडील नाहीत, भाऊ मुंबईला एका खोलीत राहतो, म्हणून तिला मीच घरी आणलं. ऑपरेशन, औषधं, फिजिओथेरपी, वॉकर, कमोडची खुर्ची, सगळं मिळून २,६८,००० रुपये गेले. भावाने ३०,००० दिले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली दीड लाखाची ठेव मोडली. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या गहाण ठेवून ५०,००० उचलले. उरलेले ३८,००० क्रेडिट कार्डावर आहेत, दर महिन्याला कमीत कमी रक्कम तेवढी भरते. मुलीची पोस्टातली दोन हजारांची आरडी मात्र एकदाही चुकवली नाही, तेवढं तरी.

पाटल्यांचं सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा पॉलिशला टाकल्यात म्हणाले. भिशीचे दोन हप्ते चुकले, बायकांना दिलेला शब्द मोडला, आता त्यांचा फोन आला की उचलत नाही. म्युच्युअल फंडातली एसआयपी दोनदा बाऊन्स झाली. विम्याचा हप्ता राहिला. ऑफिसातल्या मैत्रिणीने परवा विचारलं, सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, तू काढलं नव्हतंस? त्या रात्री झोप लागली नाही.

मी रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढणारी बाई. रोजचा खर्च रोज वहीत लिहिणारी. अकरा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. ती सगळी शिस्त मोडली. १२ जूननंतर वहीत एक अक्षर नाही. वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे, दिसू नये म्हणून. कामात चुका होतात. मुलीच्या क्लासच्या फीची तारीख विसरले आणि जादा पैसे भरावे लागले. आईच्या वॉकरच्या एका पायाचं रबर निघालंय. रात्री ती उठली की फरशीवर टक टक वाजतं. तेवढं रबर आणणंही माझ्याने झालेलं नाही. तो आवाज ऐकला की वाटतं, आपण कशालाच पुरे पडलो नाही. यजमान काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं.

दिवाळी तोंडावर आली आहे. यातून बाहेर कसं यायचं?

एक वाचक, सातारा

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन होतं, आणि एका शब्दाखाली चार वेळा रेघ ओढली गेली. हाड मोडलं, ठेव मोडली, शब्द मोडला, शिस्त मोडली. चारही एकाच सुरात. मला वाटतं तुमचा त्रास तिथेच आहे. चार वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच खात्यावर टाकल्यात, आणि त्या खात्याच्या माथ्यावर स्वतःचं नाव लिहिलंत. तुम्ही हिशोबातल्या आहात. चुकीच्या खात्यावर पडलेली नोंद पुढे काय गोंधळ घालते ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा आधी नोंदी वेगळ्या करू.

ठेवीपासून सुरुवात करते, कारण तिथलं मला जवळून माहीत आहे. एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी मुदत ठेवींच्या काउंटरवर गेली. मुदत संपल्यावर पैसे घ्यायला येणारा माणूस त्या पैशांचं काय करणार ते कधी सांगत नाही. पावती सरकवतो, सही करतो, जातो. मुदतीआधी ठेव मोडायला आलेला माणूस मात्र कारण सांगितल्याशिवाय राहत नाही. आम्ही विचारलेलं नसतं. पैसे त्याचे, पावती त्याची. तरी तो पावती उलटी करतो, मागे रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतो, अंगठ्याने दाबून धरतो आणि मान वर न करता बोलायला लागतो. "मॅडम, पोरीचं बाळंतपण अडलं हो, नाहीतर हात लावला नसता." कुणाच्या बैलाला सर्पदंश झालेला असे, कुणाचं घर पावसात बसलेलं असे. काउंटरच्या अलीकडे मी चाळिशीतली बाई, आणि पलीकडे साठ वर्षांचा माणूस माझ्याकडे स्वतःच्याच पैशांबद्दल माफी मागतोय, हे मी शेकडो वेळा पाहिलं. तेव्हा "बरं बरं, इथे सही करा" एवढंच म्हणत राहिले, कारण मागे रांग असायची. याची मला आजही रुखरुख आहे.

त्यांना जे सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगते. आपण दुकानात शंभराची नोट मोडतो. ती मोडल्यावर नाहीशी होत नाही. सुटे होतात, ज्याचे त्याला देता येतात. ठेव मोडतानाही आपण तेच क्रियापद वापरतो, आणि ते तिथे तितकंच खरं आहे. तुमचे दीड लाख बंद पाकिटात होते. जूनमध्ये त्यांचे सुटे झाले आणि आईच्या खुब्यात बसले, औषधांत गेले, वॉकर झाले. ७२ वर्षांची बाई आज रात्री स्वतःच्या पायांवर उठून न्हाणीपर्यंत जाते आहे. अकरा वर्षं वही लिहून तुम्ही जे जमवलंत, त्याचं हे काम झालं. ती ठेव नसती तर ते दीड लाखही कार्डावर किंवा सावकाराकडे असते.

आता मोडण्याची खरी किंमत काढू, तुमच्याच पद्धतीने. ठेवीला दीड वर्ष झालं होतं असं धरा, आणि मुदतीआधी मोडल्यामुळे बँकेने एक टक्का व्याज कमी दिलं असं धरा. दीड लाखावर दीड वर्षाचा एक टक्का म्हणजे सव्वादोन हजार रुपये. मोडण्यामुळे गेले ते एवढे. बाकी गेले ते आईच्या हाडासाठी, आणि ते काही केल्या जाणारच होते. सव्वादोन हजारांसाठी तुम्ही चार महिने स्वतःला गुन्हेगार ठरवून बसला आहात.

"पण ते लेकीचे होते." हे तुम्ही मनात म्हणालात, मला ऐकू आलं. लेक दहावीत आहे. पुढच्या मोठ्या फीला अजून अडीच वर्षांच्या वर अवधी आहे. आणि एक गोष्ट कदाचित तुमच्या कानावर नसेल. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. तुम्ही यात बसत असाल तर दाखले वेळेत काढून ठेवा. लेकीसाठी आज करण्यासारखं काम म्हणाल तर हे आहे.

आता आरडीकडे येऊ. "तेवढं तरी" असं तुम्ही लिहिलंत, आणि पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या दोन शब्दांची. ठेव मोडल्याची टोचणी आहे, म्हणून आरडीला हात लावायचा नाही. ती टोचणी तुमच्याकडून असा हिशोब करून घेते आहे जो तुम्ही संस्थेच्या कुठल्याही सभासदाला करू दिला नसता. दोन हजारांवर पोस्ट तुम्हाला महिन्याला अकराएक रुपये व्याज देतं. तेच दोन हजार कार्डावर थकलेले राहिले तर महिन्याला सत्तर रुपये खातात, कारण कार्डांचं व्याज साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. तुमच्या ३८,००० वर महिन्याला १,३३० रुपये होतात. कमीत कमी रक्कम भरून ते कर्ज जागचं हलत नाही. शिवाय थकबाकी असेपर्यंत कार्डावर केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, म्हणून कार्ड सध्या कपाटात राहू द्या.

माझा सल्ला असा. तुमच्या पतसंस्थेत कर्मचाऱ्यांना कर्ज मिळत असेल तर उद्याच अर्ज करा आणि त्यातून कार्ड पूर्ण मिटवा. बारा टक्क्यांनी मिळालं तरी पहिल्या महिन्याचं व्याज १,३३० च्या जागी ३८० होतं. ज्यांची कर्जप्रकरणं रोज हातावेगळी करता त्यांच्यासमोर स्वतःचं ठेवायचं, हे जड जाईल. तरी ठेवा. तिथे कर्ज मिळण्यासारखं नसेल तर आरडी तीन महिने थांबवा आणि ते सहा हजार कार्डात घाला. पोस्टाच्या आरडीत चुकलेल्या हप्त्याला शेकड्याला एक रुपया दंड आहे, म्हणजे तुमच्या हप्त्याला वीस रुपये. खातं बंद पडतं ते चार हप्ते चुकल्यावर, आणि तेही त्यानंतर दोन महिन्यांत पुन्हा सुरू करता येतं. तेव्हा चौथा चुकू देऊ नका, एवढंच.

एसआयपी तुमची तुम्ही थांबवा, पुढच्या तारखेच्या आधी काही दिवस कळवून. हप्ता चुकला म्हणून म्युच्युअल फंड दंड लावत नाही. पैसे कापते ती बँक, बाऊन्सचे. तीन महिने ओळीने चुकलं की एसआयपी आपोआप रद्द होते, त्याआधी दोन बाऊन्सचे पैसे तुम्ही भरलेच आहेत, तिसऱ्याचे कशाला. विम्याचं मात्र लांबवू नका, कारण सवलतीचे दिवस उलटून गेले की संरक्षण थांबतं आणि तुमच्या घरात सध्या ते थांबून चालणार नाही. सवलतीचे दिवस मासिक हप्त्याला पंधरा आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला तीस असतात. ते गेले असतील तरी साधी पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत व्याज भरून पुन्हा चालू करता येते. हे दोन फोनचं काम आहे. आईच्या बिलांची फाईलही फेकू नका. ती साठीच्या पुढची आहे, तेव्हा तिच्या नावावर आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर तिच्यावर केलेल्या वैद्यकीय खर्चापैकी वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळू शकते. फक्त ते पैसे रोखीत दिलेले नसावेत.

आयुष्मान कार्डाचं शल्य खरं आहे. ते नाही म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते तुमच्या आईकडे असतं, आणि ज्या हॉस्पिटलात नेलं ते योजनेत असतं, तर बराच भार हलका झाला असता. याला मी अपराध म्हणणार नाही. ही खंत आहे. अपराधात माणूस समजून उमजून वाईट करतो. खंतेत नंतर कळलेल्या गोष्टीच्या उजेडात आदल्या रात्रीकडे बघतो. १२ जूनला न्हाणीच्या दारात उभं असताना तुम्हाला जे माहीत होतं त्यावर तुम्ही वागलात, आणि नीट वागलात. खंतेचं एक बरं असतं, तिला काम देता येतं. या रविवारी आईचं आधार कार्ड घेऊन बसा आणि कार्ड काढा, मोबाईलवरही निघतं. सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचंही. मग साताऱ्यातली कुठली हॉस्पिटलं योजनेत आहेत त्यांची नावं कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

आता शब्दाकडे. भिशीचा शब्द खरंच मोडला आहे. इथे मी तुम्हाला स्वतःला माफ करा असं सांगणार नाही, कारण माफी तुमच्या हातातली नाही. ज्या दोन महिन्यांत तुमचा हप्ता आला नाही, त्या दोन महिन्यांत ज्यांची पाळी होती त्या दोघींच्या हातात तेवढी रक्कम कमी पडली. त्यांनीही त्या पैशांवर काही ठरवलं असेल, कुणाच्या तरी बारशाचं, कुणाच्या तरी गॅसच्या शेगडीचं. त्या दोघींकडे जा. फोन नको, घरी जा. उंबऱ्यातच सांगा, "आई पडली, हात अडकला, तुमचे इतके माझ्याकडे निघतात." मग एक तारीख सांगा, आणि ती अशी सांगा जी पाळता येईल. तुमची स्वतःची पाळी अजून यायची असेल तर त्यातून वळते करून घ्या म्हणा. गेले दोन महिने त्यांना पैशांपेक्षा तुमचा न उचललेला फोन जास्त लागला असणार, कारण भिशी चालते ती तोंडओळखीवर. आणि अहो, तुमची आई पडली हे भिशीतल्या किती जणींना माहीत आहे?

पाटल्यांचंही तसंच. सोनं संकटासाठीच असतं हे सासूबाईंच्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांनीही कधीतरी ते तारण ठेवून सोडवलं असेल. गहाण ठेवण्यात मला काही वावगं दिसत नाही. पॉलिशला टाकल्यात, हे मात्र खोटं आहे, आणि रात्री टोचतं ते हेच असावं. तुमच्या आईच्या आजारपणाला सासरचं सोनं लागलं, ही गोष्ट तुम्हाला बोलायला जड जाते. मला ते जड जाणं समजतं, पण पटत नाही. अठरा-वीस वर्षं त्या घरात राबून, पगार घरात घालून तुम्ही अजून ते घर 'सासर' म्हणूनच मोजता आहात का? लक्ष्मीपूजनाला त्या तुमच्या हातांकडे बघणारच. त्याआधी सांगा. बोलायला सुरुवात यजमानांना करू द्या, तुम्ही शेजारी बसा. त्या रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. त्यांचा राग गहाणापेक्षा थापेवर असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. तारणाचं व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला भरत जा, म्हणजे पाटल्या सोडवायची तारीख तुमच्या हातात राहील.

आणि यजमान काही बोलत नाहीत ते का, हे त्यांनाच विचारा. पावसाळ्यात पंपांचं काम मंद असतं, दुकानात कमी आलं याची टोचणी त्यांनाही असेल. एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीसाठी आपापल्या कोपऱ्यात गुन्हेगार होऊन बसलेली मी पाहिली आहेत.

कामातल्या चुका आणि विसरलेली तारीख यांना तुम्ही निष्काळजीपणा समजत असाल. तामिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. त्याच त्या शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या चाचण्या दोनदा दिल्या, एकदा ऊस तुटण्याआधी हात कोरडा असताना आणि एकदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त चांगली उत्तरं देत होता. डोकं तेच होतं. फक्त आधी त्यात चिंता बसली होती आणि दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती. बिल जमा होईपर्यंत माणसाचं काय होतं हे सातारा जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या कुणालाही विचारा. तुमच्या डोक्यात चार महिने हॉस्पिटल, कार्ड, भिशी, पाटल्या आणि रात्रीची टक टक आहे. तारखा लक्षात ठेवायचं काम डोक्यावरून काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाका. मुलीलाही सांगा, दहावीतली मुलगी स्वतःच्या क्लासची तारीख सांभाळू शकते. तिला घरातलं माहीत असू द्या. तिला सगळं दिसतंच आहे.

अजिंक्यताऱ्याबद्दल थोडं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सवयींवर एक अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज एक छोटी गोष्ट करायची ठरवली, तीही ठरलेल्या प्रसंगाला जोडून, जसं नाश्ता झाल्यावर. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. तुमचा एक दिवस चुकलेला नाही, चार महिने गेलेत, त्यामुळे तेवढ्यावर मी तुम्हाला दिलासा देणार नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सवय वेळेला आणि जागेला बांधलेली असते. तुमची साडेपाचची वेळ आता आईला उठवण्याची, तिची खुर्ची धुण्याची, पायाचे व्यायाम करून घेण्याची झाली आहे. ज्या खुंटीला सवय टांगलेली होती ती खुंटीच निघाली. यात तुमच्या जिद्दीचा काय दोष? सध्या गड चढायचा हट्ट सोडा. आईचा चहा झाला की पायात चप्पल घाला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन या, दहा मिनिटं. गड वाट बघेल.

आता वही. इथे माझं स्वतःचं सांगते. १९९६ साली माझ्या यजमानांची कावीळ चिघळली आणि पाच महिने आमच्या घराची घडी पार विस्कटली. मीही तुमच्यासारखी रोज लिहिणारी. पाच महिन्यांनी वही काढली आणि ठरवलं, मागचं सगळं भरून काढायचं. औषधांची बिलं एका पिशवीत होती, ती जमिनीवर पसरली. तीन रात्री बसले. तिसऱ्या रात्री ४१२ रुपये काही केल्या लागेनात आणि मी वही मिटून रडले. पुढे पंधरा दिवस तिला हात लावला नाही. बँकेत आमचे हेड कॅशियर होते, निवृत्तीला आलेले. त्यांना हे कसंतरी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी जुळलं नाही तर आपण काय करतो?" मी म्हटलं, फरक सस्पेन्सला, म्हणजे न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यावर टाकतो. "आणि दुसऱ्या दिवशी?" दुसऱ्या दिवशी दहाला काउंटर उघडतो.

तुमच्या संस्थेतही हेच होतं. फरक सापडला नाही म्हणून कुणी दाराला कुलूप लावत नाही. सस्पेन्स खात्यावर लिहून ठेवतात आणि सकाळी आरंभीची शिल्लक मांडतात.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर वही तांदळाच्या डब्यामागून काढा. १२ जूनच्या खाली आडवी रेघ मारा. तिच्याखाली एकच ओळ लिहा, 'आईचं आजारपण, जून ते ऑक्टोबर, २,६८,०००.' त्याची फोड करू नका. दुधाचे किती, रिक्षाचे किती, ते आता शोधायचं नाही. मग नव्या पानावर आजची तारीख टाका आणि आजची शिल्लक लिहा, घरात आणि बँकेत आहे ती. त्याखाली देणी लिहा, भिशीतल्या त्या दोघी सर्वांत वर. आकडे बघून छातीत धस्स होईल. होऊ द्या, ते तसे जूनपासून आहेतच, डब्यामागे होते एवढंच.

उद्या ऑफिसातून येताना मेडिकलच्या दुकानात थांबा. वॉकरच्या पायाचं रबर सुटं मिळतं. मापाला निघालेलं जुनं किंवा दुसऱ्या पायाचं काढून बरोबर न्या, आणि चारही बदला, एक निघालंय म्हणजे बाकीचीही झिजली असतील. घरी आल्यावर आईला चालायला लावून फरशीवर आवाज येतो का ते ऐका. मग नव्या पानावर पहिली नोंद करा, वॉकरची रबरं, चार नग, आणि पुढे किंमत.